हुरड्याच्या दिवसातलं खळं

मंडळी, तुम्ही वसंताच्या शोकसभेला जमलात, बरं वाटलं. बोलायचं म्हणून कागद आणला होता, पण तो खिशातच राहू द्या. परवापासून मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "पायाले चाकं लावली का तुमच्या?"

वसंताचा जन्म शहरात, इतवारी बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. स्वतःसाठी त्यानं एकच चित्र काढलं. ते त्याच्या फोटोशेजारी ठेवलं आहे, पहा. काटोलकडचं आमचं गाव, हिवाळ्यातली सकाळ. घोंगडी पांघरलेली माणसं, शेकोटी, गरम हुरडा चोळणारे हात.

दिवाळीनंतर त्यानं ते आम्हा चार जणांना दाखवलं. मी पडलो शेतकरी, गप्प कसा बसणार? म्हणालो, "काहून गा वसंता, इकडे ज्वारी हिरवी, हुरडा भाजणं सुरू, अन् मागे ही बाई खळ्यावर दाणे उफणून राहिली? कापणीच्या आधीच खळं? शहरात राहून गाव विसरला तू!" सगळे हसले. वसंताही हसला. म्हणाला, "बरोबर आहे दादा तुमचं."

बरोबरच होतं. तेच तर सलतं.

परवा त्याच्या घरी गेलो. चित्रात ती बाई दिसेना. त्याच्या बायकोला, कमलला विचारलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घरी गेले अन् ह्यांनी तिच्यावर हिरवा रंग फिरवला. दादा, ती ह्यांची माय होती. फोटो नाही ना तिचा एकही. ह्यांना ती खळ्यावरचीच आठवे."

आता सांगा, मी काय करू? त्या माउलीच्या हातचा हुरडा मी खाल्लेला. मीच ओळखलं नाही! माझी नजर ज्वारीवर. अरे वसंता, एक शब्द बोलायचा होता ना! "दादा, माय आहे." चार लोकांत माझा शब्द पडू नये म्हणून गप्प राहिलास? हिवाळा चुकला असता तर चुकला असता. कोणाचं पीक बुडणार होतं?

मंडळी, तिला पाहिलेले दोन-चार म्हातारे इथं आहेत. सभा संपली की लगेच चपला शोधू नका. कमलजवळ बसा. ती दिसायची कशी, लुगडं खोचायची कशी, सांगा तिला. आठवेल तेवढं सांगा.

आता उभे राहू. दोन मिनिटं त्या हिरव्या रंगाकडे पाहू.

वसंता, तुझी माय डावखुरी होती. सूप डाव्या हातानं उचले. मले आठवते गा. रामराम.