टँकरवरचं टायटल साँग

गुप्तहेराच्या पिक्चरचं टायटल साँग कसं पाहिजे, हे तुमी मला सांगू नका बे. आमी ते अख्ख्या गावावर वाजवून बघितलंय.

दुष्काळात मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, म्हणून सोसायटीच्या टँकरनं पाणी आणायचो. टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, मग लोक शेंदून घ्यायचे. ड्रायव्हर गफूरभाई म्हणाला, "सेक्रेटरी, हॉर्न कुणी ऐकत न्हाई. गाणं लावू का?"

मीच म्हणालो, "त्या गुप्तहेराच्या पिक्चरचं टायटल लाव. पहिल्या ठेक्याला माणूस उठतंय."

लई उठायचं. हीरोचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, पण ठेका ऐकला की सगळे घागरी घेऊन पळायचे.

एक दिवस भर दुपारी गावात वरात आली. बँडवाले बाहेरगावचे. त्यांनी नेमकं तेच गाणं धरलं. झालं, गाव विहिरीकडं सुटलं. विहिरीला कठडा न्हाई. रेटारेटीत आमच्या शेजारची गंगाकाकू आत गेली. खाली पाणी असतं तर वाचली असती.

पंचनाम्यात लिहिलं, 'टँकर आला असं समजून लोक धावले.'

टँकर पाटोद्याजवळ बंद पडलाय, हा फोन सकाळीच सोसायटीत आलता. मीच घेतलता. गावात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ठेका ऐकला आन् मीबी घागर घेऊन पळालो.

आन् त्या रेटारेटीत गंगाकाकूच्या पाठीला लागून जी घागर होती ना, ती माझी होती.