लांब टोला, आखूड टोला

पौडला पुण्याच्या मोटारीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी भैरू नावाचा तरुण तारमास्तरच्या परीक्षेला निघालेला. तारेतलं प्रत्येक अक्षर लांब-आखूड टोल्यांचं, म्हणून त्याची बायको सगुणा तांब्यावर खडा कधी टेकवून, कधी घासून त्याचा सराव घेत होती.

“अवं, समदी अक्षरं बरोबर वळखली. मग घाम कशाला फुटलाय?”

“सगुणा, लांब टोल्याला तुझ्या बांगड्या किणकिणत्यात. म्या त्याच ऐकतोय.”

“म्हंजी समदा उन्हाळा मी तांब्या फुकट बडवला?”

“परीक्षेच्या सायबाच्या हातात बांगड्या कुटं असत्यात? काढ बरं जरा.”

“तुमी समोर धडधाकट बसलेले असताना? इपरीत बोलू नगा. ह्या बघा, पदरात गच्च गुंडाळल्या. आता ऐका.”

“हां, ऐकतोय.”

“सांगा, कंचं अक्षर?”

“आगं, आदी वाजव तर खरं!”

“दोनदा वाजवलं, अवं.”