राक्षसाच्या रेघेचा नमुना

विषय : जरीपटका वस्तीतील वृद्ध कॉमिक्स-चित्रकार वासुदेवराव यांना कलावंत मानधन मिळणेबाबत.

चहा घ्या, सांगतो. वासुदेवरावांचा राक्षस खायला धावला तरी डोळ्यांनी बिचारा वाटायचा. लहानपणी मी त्याच्याच बाजूनं असायचो. पण कॉमिक्सवर चित्रकाराचं नाव कधी छापलंच नाही. पुरावा म्हणून मी जपलेले सगळे अंक घेऊन दोघं कार्यालयात गेलो.

मीही कारकूनच. तिथला माझ्याच जातकुळीतला कारकून म्हणाला, "हे यायनंच काढलं कशावरून? इथं काढून दाखवा."

वासुदेवरावांनी काढला. कारकुनानं दोन्ही राक्षस शेजारी ठेवले. "काका, रेघ जुळून नाही राहिली."

"हात थरथरून राहिला गा," वासुदेवराव म्हणाले. "राक्षसही म्हातारा झाला."

शेरा पडला : नमुना जुळत नाही, अर्जदाराचा खुलासा मागवावा.

खुलासा मागणारं पत्र आलं तेव्हा वासुदेवरावांचा तेरावा होता. फायलीवर आजचा शेरा : खुलासा अप्राप्त असल्याने अर्ज प्रलंबित आहे.