मस्त झालं! परत एकदा!

...नाही, पण मी काय म्हणतो, मस्त झालं ना? मग परत कशाला? तुम्हीच सांगा! स्टुडिओत काचेपलीकडून तो रेकॉर्डिस्ट माझ्या हेडफोनमध्ये म्हणतो, "मस्त झालं! परत एकदा!" म्हटलं, साहेब, चुकलं का काही? "छे छे, चुकतंय कुठे! मस्तच! परत एकदा!" अहो, चहा मस्त झाला म्हणून कुणी मोरीत ओतून परत करतं का?

बरं, अल्बम कुणाचा? बँडचा! म्हणजे चौघांनी एकत्र वाजवायचं, अशी आपली माझी भाबडी समजूत. तर नाही! आधी ड्रमरनं एकट्यानं वाजवायचं. त्याला आम्ही भूकंप म्हणतो. तो सकाळी धिंगाणा घालून घरी जाऊन झोपला, आणि दुपारी माझ्या कानात तो वाजतोय! माणूस घोरतोय आणि मी त्याच्याशी ताल जुळवतोय! गिटारवाला यायचाय म्हणे उद्या. आणि गायक, म्हणजे आमचा मेहुणा, तो बाहेर सोफ्यावर बसून गरम पाण्याच्या गुळण्या करतोय... अख्ख्या अल्बममध्ये आम्ही चौघं एकदाच भेटलो, जिन्यात!

मी कोण? मी बास. चार तारांची ती जाड गिटार. कार्यक्रम संपला की लोक येऊन विचारतात, "तुमची वाजत होती का हो?" पण ह्या अल्बमचं मी मनावर घेतलं होतं, ते आईसाठी. आईचे गुडघे गेलेत, कार्यक्रमाला येता येत नाही, तिनं आम्हाला कधी ऐकलेलंच नाही. आणि मावशीला मात्र सांगून ठेवलंय, "माझा मुलगा आहे हं त्यात!" म्हटलं, ह्या वेळी आईला ऐकवायचंच.

तर झालं काय, रेकॉर्डिस्ट एकदम ओरडला, "थांबा! ठक-ठक कसली येतेय?" पंखा बंद केला. खिडकी लावली. शेजारच्या सुताराला हात जोडून आले. ठक-ठक आहेच! शेवटी सगळे माझ्या पायाकडे बघायला लागले... अहो, तालाला पाय आपटल्याशिवाय माझी बोटंच चालत नाहीत, जन्माची सवय! "बूट काढा." काढले. "पायाखाली उशी घ्या." घेतली. तरी ठक-ठक! मग मेहुण्याला आत बोलावलं. ज्यानं आयुष्यात माझं कधी ऐकलं नाही, तो जमिनीवर बसून माझा पाय दोन्ही हातांनी आवळतोय, "दाजी, सॉरी हं," आणि मी घामाघूम होऊन वाजवतोय, आणि पलीकडून... हो, बरोबर! "मस्त झालं! परत एकदा!"

असो. झाला एकदाचा अल्बम. आईसमोर लावला, मावशी फोनवर. आईनं मन लावून ऐकलं. म्हणाली, "छान आहे रे. पण ह्यात तू कुठायस?"

"आई, हा काय! तो खालचा जाड आवाज, तो मी."

"हा? नाही रे बाबा. हा कुणीतरी दुसराच." आणि काय म्हणाली सांगू? "रात्री तू वरच्या खोलीत हेडफोन लावून वाजवतोस, खाली मला गिटारचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ऐकू येते ती तुझी ठक-ठक. इतकी वर्षं ती ऐकतच मला झोप लागते. ती कुठाय?"

आता काय सांगू तिला... मेहुण्यानं धरून ठेवली होती म्हणून?

उठलो. बूट घातले. गाणं पहिल्यापासून लावलं आणि उभ्या उभ्या पाय आपटला, अख्खं गाणं! आईनं डोळे मिटून मान डोलावली, फोनवर मावशीला ओरडून सांगितलं, "ऐकलंस ना? हा बघ, हा माझा!" गाणं संपलं. मला धाप लागलेली, टाचेतून कळा येतायत, आणि आईनं डोळे उघडले...

"मस्त झालं रे! परत एकदा!"

ह्या वेळी मी 'कशाला' असं विचारलं नाही. बुटाची नाडी तेवढी घट्ट बांधून घेतली.