गुरुवारचं टेबल

सन्माननीय अध्यक्ष सिद्धाप्पाअण्णा, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर विरुपाक्ष हत्तुरे, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी आणि समोर जमलेल्या बंधू-भगिनींनो,

वर्तमानपत्रात आयुष्य गेलं, म्हणून ताजी बातमी आधी सांगतो. डॉक्टरांच्या जागेवर यायला कोणीही तयार नाही. दुपारी खुद्द अण्णांनीच मला तसं सांगितलं. आज रात्रीच्या गाडीनं डॉक्टर हुबळीला गेले, की अन्ननलिकेत उतरणारी आपल्या रुग्णालयाची दुर्बीण कपाटात जाईल. तिला डोळा लावणारं माणूस सोलापुरात आपल्याकडे उरणार नाही.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं. मीही तसंच ठरवून आलो होतो.

पण आपण गमावतो आहोत ते काय? घास उतरेना म्हणून आलेले रोगी डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले. त्यांतले फारच थोडे वाचले. मग त्यांनी उलटा मार्ग धरला. ज्यांची नळी बिघडलेली आहे, पण कॅन्सर अजून झालेला नाही, अशांना ते चालते-बोलते असतानाच बोलवायला लागले. दर गुरुवारी. दुर्बिणीतून पाहायचं, संशयाच्या जागचा मांसाचा कण काढायचा, पुण्याला तपासायला पाठवायचा. बदल दिसला तर वेळेत ऑपरेशन.

मोडनिंबच्या बजाबाई त्यांच्यापैकीच. त्यांचे वडील इथं सूत रंगवायच्या कामावर होते. लहानपणी तहानेच्या भरात तांब्यातलं कॉस्टिक सोड्याचं पाणी त्या प्यायल्या. नळी भाजली, आकसली. डॉक्टरांनी ती हळूहळू रुंद केली. त्यानंतर यजमान हिंदुराव कुरकुरायला लागले. मी दाराशीच उभा होतो.

"दाक्तर, आता भाकरी जाती की खाली! मग कशापायी हेलपाटा?"

"भाकरी जाते तोवरच आणा, हिंदुराव. अडकल्यावर आणलंत, तर मलाही नुसतं बघत बसावं लागेल."

"लई तरास हुतो वो तिला."

यावर बजाबाई म्हणाल्या, "तरास मला, आन् रडताय तुमी! एकदा घशात घालून घ्या की ती दुर्बीण, मग बोला."

तुम्ही हसलात. बजाबाईंनाही ते ऐकू गेलं असेल. त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. आज गुरुवार आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिलं?

बजाबाईंचा मागच्या खेपेचा कण चांगला निघालेला नाही. सिस्टर सुंदरम्मांनी मघाशीच मला सांगितलं. पेशी बदलल्या आहेत, पण कॅन्सर म्हणता येत नाही. आणखी कण काढल्याशिवाय ऑपरेशनचं ठरणार नाही. तपासणीसाठी बाई कालपासून उपाशी आहेत. शिपायानं त्यांना दारातच अडवलं, "आज सायबांचा सत्कार हाय, आज न्हाय." हिंदुरावांनी विचारलं, "आन् उद्या सायेब कुटं असत्याल?" सत्कारमूर्तीला आजच्या दिवशी कामाला कसं लावायचं, म्हणून डॉक्टरांना कोणी कळवलंही नाही. डॉक्टर, तुम्हालाही हे आत्ताच कळतं आहे ना?

आणि अण्णा, तुमचा हात ज्या टेबलावर आहे, ते तपासणीचं टेबल आहे. समारंभाला कमी पडलं, म्हणून सकाळी मंडळानं ते खोलीतून इथं आणलं. वर कापड घातलं, शाल ठेवली, नारळ ठेवला.

यादीत अजून बरेच वक्ते आहेत. हात जोडून विनंती करतो, बोलू नका. सर्वांच्या वतीनं डॉक्टरांचे आभार मी एकटाच मानतो. राहिलेली भाषणं, राहिलेली पानसुपारी आणि माझा हा आगाऊपणा, सगळं पोटात घाला.

डॉक्टर उठले आहेत. गाडीला अजून अवकाश आहे. कण पुण्याला जाईल, पंधरा दिवसांत उत्तर येईल. ते उत्तर इथं कोण वाचणार, पुढच्या गुरुवारी येणाऱ्यांना कोण पाहणार, मला माहीत नाही.

तूर्त चौघे जण वर या. नारळ खाली ठेवा, आणि टेबल उचला.