डाव्या हाताची तलवार

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत होतो. पाठीमागच्या बाकावर एक नवरा-बायको जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाबद्दल बोलत होते. दोघांनी तो वेगवेगळ्या दिवशी पाहिला होता.

“सिनेमा लय झ्याक हाय म्हनलो व्हतो का न्हाई?”

“हाय की. तलवारीची मारामारी तर लयच भारी.”

“आन त्यो गडी डावखुरा! डाव्या हातानं काय सपासप चालवतो!”

“डाव्या?”

“मंग? तू बी बघितलंस की.”

“म्या पडद्यामागं बसले व्हते, बायकांत. तिकडून समदं उलटं दिसतंय. चंद्रभानभाऊजी पडद्याम्होरं बसले व्हते. ते म्हनले, गडी उजव्या हाताचा हाय.”

“त्याला काय कळतंय?”

“तुमी तर त्यायच्या मांडीला मांडी लावून बसलो म्हनले व्हते.”

“गर्दी लय व्हती. सरकत सरकत गेलो मागं.”

“मागं बायकूसंगं आलेल्या गड्यालाच सोडायलेत. म्या दारावर बघितलं ना.”

“कासाबाई, ऊठ. गाडी आली.”

“सिग्नल बी पडला न्हाई अजून. बसा खाली.”