दुलईखालचा लॅपटॉप

हॅलो?… हां, बोल. … काय हवंय? … लॅपटॉप? परत?

नाही, हसत नाहीये मी. लॅपटॉप परत मागायला फोन केलास? धन्य आहे बाई तुझी! … अगं, लॅपटॉप कसला, तवा झालाय त्याचा तवा! चार्जर काढला की मान टाकतो.

… काय म्हणालीस? ‘माझ्याकडे तर मस्त चालत होता’? वा गं वा! चोराच्या उलट्या बोंबा! तुझ्याकडे द्यायच्या आधी एका चार्जिंगवर अख्खी सकाळ निघायची. सगळे पेशंट व्हायचे, वर त्यांचे अहवालही लिहून व्हायचे.

… दाखवला ना. काल. दुरुस्तीवाल्यानं नुसता हात लावला आणि म्हणाला, बॅटरी फुगलीय, आता चालूच करू नका. … फुगलीय म्हणजे फुगलीय! टचपॅड खालून उचललाय, टेबलावर ठेवला की डुगडुगतो. सारखी तापत राहिली की बॅटरी अकाली म्हातारी होते म्हणे. मला विचारतो, ताई, हा गादीवर ठेवून वापरता का? मी ठसक्यात सांगितलं, छे! आमच्याकडे असलं काही नाही.

आता तू सांग. कुठे ठेवायचीस? … हं. गादीवर. … दिवसरात्र चार्जर लावून. … आणि? … ‘आणि काही नाही’ असं म्हणताना तुझा आवाज बदलतो, मोठी बहीण आहे मी, लहानपणापासून ऐकतेय. … काय? दुलई?

थांब थांब. दुलई त्याच्या खाली की वर?

… वर?

अगं, कशासाठी पण? … नवऱ्याची झोपमोड? त्याच्या आतल्या पंख्याचा आवाज येतो म्हणून? अगं बये, तो पंखा फुरफुरतो कशासाठी? आत गरम होतंय म्हणून! जीव गुदमरतोय म्हणून बिचारा धापा टाकतोय आणि तू त्याच्या तोंडावर दुलई दाबलीस! आणि हे सगळं तुझ्या त्या कुंडीतल्या टोमॅटोंच्या व्हिडिओसाठी! … असतील, असतील लोक बघत. टोमॅटो बघायला लोक आहेत आणि माझ्या पेशंटांना वाली कोण?

… नाही, नवीन बॅटरी तू देऊ नकोस. बॅटरी येईल गं. त्याचं नाहीये. … मग कशाचं म्हणून काय विचारतेस? ऐक ना जरा. मध्ये बोलू नकोस.

ते शिंपीकाका आठवतात? … तेच, बोलताना अडखळतात ते. दुकानात काकूच सगळं बोलायच्या. … हो, गेल्या ना त्या. तेव्हापासून काका माप घेतात, कापड कापतात, पण तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल? हे नुसती मान हलवणार. मुलीनं बळंबळं माझ्या स्पीच थेरपीच्या ऑनलाइन सेशनला बसवलं. स्क्रीनसमोर बसायचे, मी देईन ते वाक्य वाचायचे, संपलं.

आणि परवा, अगं, परवा स्वतःहून बोलायला लागले! सरावाचं नाही, मनातलं. काकूंबद्दल. ‘ती आजारी होती तेव्हा…’ एवढं बाहेर पडेपर्यंत मानेच्या शिरा ताठ, डोळे गच्च मिटलेले. ‘तेव्हा मी तिला…’ म्हणाले आणि फट्! काळा पडदा! बॅटरी चाळीस टक्के दाखवत होता मेला!

… लावला ना चार्जर. धावत जाऊन लावला. चालू व्हायलाच तयार नाही. … मेसेज केले. वाचतात, उत्तर नाही. अगं, डोळे उघडल्यावर त्यांना काय दिसलं असेल? मी नाहीच समोर! इतक्या वर्षांनी माणूस तोंड उघडतो आणि डॉक्टरीणबाई गायब!

… फोन कर? केला. उचलत नाहीत. अडखळणाऱ्याला फोनचा किती धसका असतो तुला काय सांगू. समोर चेहरा नाही, खुणा करता येत नाहीत… आज संध्याकाळी दुकानातच जाणार आहे. … तू येऊन काय करणार? दुलई घेऊन येतेस?

… रडू नकोस. … अगं, मुद्दाम केलंस असं कुठे म्हणतेय मी? पण एकदा विचारायचं तरी…

थांब. दुसरा फोन येतोय. … अगं बाई! काका! … हो, तेच! ठेव तू. … नंतर रड, आधी ठेव!

हॅलो?

…

हो, मीच.

…

ऐकतेय काका. घाई नाही.

……

मी नाही कॉल बंद केला. मशीन बंद पडलं. … हो. … हो, तुम्हाला कसं कळणार. … बरोबर आहे तुमचं. … रागवा ना. रागवाच. पूर्ण होऊ दे.

……

हो, तिथंच तुटलं होतं. ‘तेव्हा मी तिला…’

………

नावानं हाक कधीच नाही? … शेवटपर्यंत?

… त्यांच्या नावाचं पहिलंच अक्षर अडतं. हं. … म्हणून नुसतं ‘अगं’ म्हणायचात.

……

आता? … म्हणा ना. मी आहे.

………

आहे, आहे. कुठेही गेले नाही.

…………

किती छान नाव आहे, काका.

… हो. … येते संध्याकाळी. … हो, ठेवा.